परस साफ करायचा नाही!

दर वर्षी होळी झाली की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. नगरची हवा तापायला लागते, आणि माझ्या नातेवाइकांना माझ्या परसाची लाज वाटायला लागते.

यंदा ती जरा जास्तच वाटतेय, कारण मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे आणि हळद आमच्या दारात आहे. तेव्हा "काकूंनी मागचा सगळा पसारा उपटून टाकावा आणि सरळ पेव्हिंग ब्लॉक बसवून घ्यावेत" असा ठराव घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकमताने मंजूर झालाय. (एकमताने म्हणजे माझं मत सोडून. मी तेव्हा मागे पाणी घालत होते.) ग्रुपवर लांब लिहिलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात, म्हणून उत्तर इथे लिहितेय. ब्लॉगवरच्या मंडळींनी सांभाळून घ्या. तुमच्यापैकी ज्यांच्या घरामागे चार फूट माती आहे, त्यांच्याविरुद्धही कुठे ना कुठे असा ठराव झालेला असणारच.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकते. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडच्या भाजीच्या बागेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम साफसफाई नाही आणि पेरणीही नाही. ते आहे बी धरणं. आणि बी धरायचं तर बाग काही आठवडे वाईट दिसणार. ती दिसू द्यायची.

आता परसात काय आहे ते सांगते, म्हणजे ज्यांनी बघितलं नाही त्यांनाही लाज वाटून घेता येईल. सावेडीतलं घर, मागे पंधरा बाय वीस फुटांचा तुकडा. कुंपणाशी मुळ्याची चार झाडं कमरेएवढी वाढली, फुलली आणि आता डिंगऱ्यांच्या भाराने आडवी झाली आहेत. कोथिंबिरीच्या वाफ्यात कोथिंबीर उरलेली नाही, धने झालेत. मेथी पिवळी पडून करकरीत वाळलीय. एक वांगं झाडावरच पिकून पिवळं झालंय, आणि ते कोणी भरीत करायला काढू नये म्हणून देठाला लाल चिंधी बांधलीय. मांडवावर एक दुधी इतका वाळलाय की हलवला तर आत खुळखुळतो. आणि या सगळ्यावर पसरलेला, पानं गळत आलेला, वाळक्या शेंगांचा घेवडा. येणाऱ्या पाहुण्याला यातलं फक्त 'वाळकं' दिसतं.

'वसंतात बाग नीट करायची' ही कल्पना आपल्या डोक्यात येते कुठून? गुढीपाडव्याच्या सुमाराला 'वसंतात बागेत करायची कामे' अशी एखादी यादी फिरत फिरत माझ्यापर्यंत येतेच. जुनी झाडं काढा, जमीन खणा, नवी माती भरा, नवं बी आणा, पेरा. यादी खोटी नाही, दुसऱ्या गावची आहे. जिथे जमीन चार महिने गोठलेली असते आणि बर्फ वितळल्यावर पहिलं हिरवं पान दिसतं, तिथल्या माणसाने वसंतात कुदळ घेऊन धावावं हे बरोबरच. मिशिगनला राहणारा आमचा भाचा एप्रिलमध्ये टोमॅटोची रोपं घरात खिडकीशी करतो आणि मे अर्धा सरेपर्यंत बाहेर लावायला घाबरतो, न जाणो एखाद्या रात्री हिम पडायचं. त्याची यादी त्याच्या अंगणाला शोभते.

आपल्या पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. त्या दिवसांत नगरचा पारा चाळिशीला टेकतो. कोवळ्या रोपांचं सोडा, कावळेसुद्धा चोच उघडी टाकून सावलीला बसलेले असतात. आपलं बागेचं वर्ष पावसाने सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतं. घेवडा, दुधी, वांगी पावसाळ्यात लागतात. मुळा, मेथी, कोथिंबीर, पालक थंडीत. हे सगळं फाल्गुनात म्हातारं होतं. मुळ्याला तुरा आला, कोथिंबीर फुलावर आली की आपण म्हणतो 'वाया गेली'. जरा झाडाच्या बाजूने बघा. ज्यासाठी ते उगवलं, ते काम त्याने आत्ता कुठे हातात घेतलंय, आणि आपण नेमके त्याच वेळी विळा घेऊन हजर!

उन्हाळी भाजी मीही लावते. भेंडी आणि गवारीच्या दोन ओळी, एक काकडी, एक कारलं. फेब्रुवारी संपायच्या आत हे उरकलं तर ठीक. त्यांची दुखणीही ठरलेली आहेत. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा, पांढरी माशी घेऊन येते. ते झाड उपटून टाकण्याला पर्याय नाही. मिरचीची पानं आकसून वाटीसारखी झाली की बोकड्या. वांग्याच्या पानामागे बारीक जाळं दिसलं की लाल कोळी. कोरड्या उन्हात तो फार फोफावतो, पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा फवारा मारत राहिलं तर आवरतो. काकडी-कारल्याला फळमाशी डंख मारते, म्हणून कोवळ्या फळावर कागदाची पिशवी चढवायची. टोमॅटोला फुलं येतात आणि गळून पडतात, कारण दिवसांबरोबर रात्रीही तापायला लागल्या की फळ धरत नाही. त्यावर खताचा काही उपाय चालत नाही. मुळाशी पाचोळ्याचा किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर, दुपारी वर हिरवी जाळी, पाणी पहाटे. एवढी राखण करून हातात येतात पाच-सहा भेंड्या. त्यात मजा आहे, मी नाकारत नाही. पण पुढच्या वर्षीची बाग त्या भेंड्यांत नाही, वाळक्या शेंगांत आहे.

बी धरणं म्हणजे झाडाकडे दुर्लक्ष करणं नव्हे. (आळशीपणाचा आरोप आहे माझ्यावर, म्हणून हे सविस्तर.) बियाण्याचं झाड भर थंडीतच हेरावं लागतं. जी कोथिंबीर सगळ्यात आधी फुलते ती बियाण्याला ठेवायची नाही, कारण आपल्याला पानं हवीत. सगळ्यात उशिरा फुलणारी ठेवायची. मेथी, वाटाणा, टोमॅटो आणि बराचसा घेवडा ही स्वतःच्याच परागावर भागवणारी मंडळी, त्यांचं बी सहसा आईसारखंच निघतं. वांगं, मिरची, भेंडीकडे किड्यामाश्यांची ये-जा असते, म्हणून एका वेळी एकच जात लावलेली बरी, नाहीतर फुलावर मलमलीची पिशवी घालायची. मुळ्याला दुसऱ्या झाडाचाच पराग लागतो, एकट्या झाडाला धड बी धरत नाही. म्हणून तिथे एक नव्हे, चार झाडं आडवी पडलेली दिसतात. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला हाताने लावायचा आणि मादी फुलाचं तोंड दोऱ्याने बांधून टाकायचं, म्हणजे शेजारच्या वेलाची भेसळ होत नाही. हे सगळं दिवाळीच्या आगेमागे झालेलं असतं. मार्चमध्ये तुम्हाला दिसतो तो वाळका दुधी म्हणजे कित्येक महिन्यांच्या कामाची शेवटची पायरी. आणि त्या पायरीवर तुम्ही म्हणता, उपटून टाका.

बरं, ही शेवटची पायरी नगरसारख्या हवेत जितकी छान जमते तितकी फार थोड्या ठिकाणी जमत असेल. बियाण्याचा शत्रू ओलावा. बियातला ओलावा एक टक्क्याने उतरवला की त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, असा बियाणेशास्त्रातला ठोकताळा आहे. कोकणात दिलेल्या माझ्या नणंदेला चार मुठी बी कोरडं ठेवायचं तर चुलीच्या वर टांगावं लागतं. आपल्याकडे फाल्गुन-चैत्राची हवा ते काम फुकट करून देते. शेजारच्या जालन्याला बियाण्यांचं एवढं मोठं पेठेचं गाव उभं राहिलं, महिकोसारखी कंपनी १९६४ साली तिथे सुरू झाली. तिथलीही हवा अशीच कोरडी. ज्या उन्हाला आपण उठता-बसता शिव्या घालतो, ते बियाण्याच्या बाबतीत आपलं भांडवल आहे.

शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या. मग सावलीत पसरायच्या, सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं, दुपारचं नाही. दाण्यावर दात ठेवला आणि तो दबला नाही, कट्‌कन फुटला, की झालं. मग चाळलेली कोरडी राख, कडुनिंबाचा वाळका पाला, घट्ट झाकणाची बरणी आणि वर चिठ्ठी: नाव आणि साल. घेवड्याला भुंगा लागतो, त्याची अंडी शेंग मांडवावर असतानाच पडलेली असतात. म्हणून राखेत टाकण्याआधी दाण्यांना एरंडेलाचा हात फिरवायचा. भीती असते ती फक्त अवकाळीची. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली ती कोण विसरेल? आभाळ भरून आलं की मी आधी शेंगा आत घेते आणि मग दोरीवरचे कपडे. (याही बाबतीत माझ्यावर आरोप आहेत.)

आता तुमच्या हरकतींकडे वळते.

"काकू, वीस-तीस रुपयांत बियांचं पाकीट मिळतं, कशाला एवढा खटाटोप?" ही सगळ्यात लाडकी हरकत. मिळतं ना. फक्त त्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. 'संकरित' किंवा 'एफ-१' असेल, तर ते बी एका पिढीपुरतं आहे. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी असते. तिचं बी धरून पेरलं की पुढची पिढी विस्कटते, कोणी आजोबांवर जातं, कोणी आत्यावर. यात कोणाची लबाडी नाही, त्या तंत्राचा स्वभावच तो आहे. पण परिणाम असा की दर वर्षी दुकानाची पायरी चढावी लागते, आणि दुकानात तेच मिळतं जे पुष्कळांना विकता येतं. एका दुकानात मी घेवड्याचं बी मागितलं तर त्याने फरसबीचं पाकीट काढून दिलं. त्याचं काय चुकलं? त्याच्या लेखी घेवडा म्हणजे तोच. बी गुलाबी रंगाचं होतं, कारण त्याला बुरशीनाशक चोळलेलं होतं. खाऊ नये, जनावरांना घालू नये, असं पाकिटावरच छापलं होतं. माझ्या बरणीतला घेवडा पेरून उरला तर मी त्याची उसळ करते. दोन्हींतला फरक एवढ्यावरून कळावा.

विकतचं सगळंच बी वाईट असं मी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यात, राहुरीला, १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तिथून आलेला 'फुले सुचेता' दोडका, 'हिरकणी' कारलं हे सुधारित, सरळ वाण आहेत. ते एकदा आणा आणि नीट धरलंत तर दर वर्षी घरचंच बी वापरा. 'संकरित' आणि 'सुधारित' या दोन शब्दांतला फरक जरी तुम्ही पाकिटावर वाचायला लागलात, तरी माझं हे टंकन वाया गेलं नाही असं मी समजेन. तसंच गावरान म्हणजे सगळं अमृत, असंही मी मानत नाही. मंडईत 'गावरान' पाटी लावून दुप्पट भावाने काय काय विकतात ते आपण बघतोच. काही जुने वाण खरोखर कमी देतात, किडीलाही लवकर बळी पडतात. टोमॅटो भरघोस हवे असतील तर खुशाल संकरित लावा, मी रागावणार नाही. पण जो वाण कुठल्याच दुकानात मिळत नाही आणि फक्त आपल्या दारात आहे, तो उपटायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी हरकत पाण्याची. ही मी गांभीर्याने घेते, कारण आपण नगरकर. वर्षाला सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि मार्च उजाडला की जिल्ह्यात कुठे ना कुठे टँकर. अशा वेळी वाळक्या झाडांसाठी पाणी? पण नीट हिशेब करा. दाणा भरेपर्यंत पाणी लागतं हे खरं. एकदा दाणा भरला की बियाण्याच्या झाडाला पाणी द्यायचंच नसतं. दिलं तर उलट बी बिघडतं. आज माझ्या परसातला निम्मा भाग पाण्याचा थेंब मागत नाही. उरलेल्या उन्हाळी ओळींना तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि मुळाशी पुरलेली दोन कच्ची मडकी पुरतात. ते सगळं उपटून हिरवंगार लॉन लावा म्हणणाऱ्या धाकट्या दिरांनी आधी लॉनचं पाणी मोजावं. आपल्या शेजारच्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हेच तर शिकवलं: दर वर्षी गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग काय पिकवायचं ते ठरवायचं. पंधरा बाय वीस फुटांचाही ताळेबंद मांडता येतो. त्यात वाळकी शेंग सगळ्यात काटकसरी निघते आणि पेव्हिंग ब्लॉक सगळ्यात उधळे. पडेल तो पाऊस जमिनीत मुरू न देता गटारात घालवायचा, भिंती तापवायच्या, आणि मग मेमध्ये म्हणायचं की बोअर आटली.

तिसरी हरकत विंचू-काट्याची. ही मान्य. म्हणून वाळकं झाड एका कोपऱ्यातच ठेवते, खाली पाचोळा साठू देत नाही, आणि संध्याकाळी मुलांना तिकडे पाठवत नाही. याहून अधिक काही सुचत असेल तर सांगा, करेन.

चौथी हरकत कोणी उघड बोलत नाही, पण असते. ती म्हणजे 'एका घेवड्याने काय होणार?'

हा घेवडा माझ्या आईने अकोल्याहून आणला. (विदर्भातलं अकोला नव्हे, आपलं, प्रवरेकाठचं अकोले.) शेंगेला जांभळी कड, दाणा काळसर तांबूस, त्याला पांढरी शुभ्र रेघ. आईला तो तिच्या आईने दिला. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो खात होती, तेव्हाही आजीच्या घरात बियाण्याचं गाडगं उघडलं गेलं नाही. "भुकेला बी दाखवू नये," असं आई सांगायची. पुढे मोठ्या झाल्यावर मी वाचलं की दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला होता, १९४१ ते १९४४, तेव्हा वाविलोव्ह यांच्या संस्थेतले शास्त्रज्ञ तांदूळ-गव्हाच्या बियाण्याशेजारी उपाशी मेले, पण त्यांनी ते शिजवलं नाही. वाविलोव्ह स्वतः १९४३ साली स्टालिनच्या तुरुंगात खंगून गेले. आजीने लेनिनग्राडचं नावही ऐकलं नव्हतं. पण दोघांना एक गोष्ट कळली होती. धान्य संपलं तर पुढच्या सुगीला येतं, वाण संपला तर येत नाही.

आणि तो संपतो कसा? दुष्काळाने नाही संपला. मामांच्या बांधावर ऊस आला आणि बांधावरचा वेल गेला. मावशी फ्लॅटमध्ये राहायला गेली. एका घरी बरणीला भुंगा लागला. एका घरी सूनबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत 'जुने वाल' म्हणून गाडगं रिकामं केलं. कोणी वाईट नव्हतं हो यात. सगळ्यांनी आपापलं घर नीटनेटकं केलं, एवढंच. आज आमच्या नात्यात, मी विचारलं तिथवर, हा घेवडा फक्त या मांडवावर आहे.

त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आता सगळ्यांना ठाऊक झाल्या आहेत. २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०१९ च्या महिलादिनी नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपल्या ग्रुपवरही त्यांचा फोटो हात जोडून फिरला होता. मला आठवतंय, कारण फिरवणारे तेच होते ज्यांनी आता पेव्हिंग ब्लॉकला पसंती दिलीय! राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. बायफ संस्थेची साथ मिळाली आणि त्यांनी घरच्या आणि गावोगावच्या परसांतून घेवडे, वाल, भाज्या, भात यांचे वाण गोळा करून बियाणे बँक उभी केली. ते वाण त्यांना मिळाले कुठून? कुणा ना कुणा बाईच्या वाळक्या मांडवावरून. त्या बाईने आपला परस वेळेवर 'साफ' केला असता तर बँकेत जमा काय करणार होत्या?

"मग आता बँक आहे ना," असं म्हणू नका. बँक आहे, दिल्लीला १९७६ पासून राष्ट्रीय पातळीवरची संस्था आहे, नॉर्वेच्या बर्फात २००८ पासून जगाची तिजोरी आहे. असू द्यात, हव्यातच. पण थंड पेटीतलं बी थांबलेलं असतं. मातीत दर वर्षी लागणारं बी तिथल्या उन्हाची, किडीची, पावसाच्या लहरीची सवय करून घेत राहतं. आणि पेटीतल्या बियाला त्याची उसळ कशी करायची ते माहीत नसतं. ते आपल्याला माहीत असतं, तेही अजून एखादी पिढी.

कायद्याची भीती कोणी घालू नये म्हणून तेही सांगते. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला बी राखायचा, पुन्हा पेरायचा, एकमेकांना द्यायचा, विकायचासुद्धा हक्क आहे. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. हा हक्क आपल्याकडून कोणी काढून घेतलेला नाही. आपण तो दर मार्चमध्ये झाडून, पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

तेव्हा माझं म्हणणं असं. लग्न मेमध्ये आहे. घेवड्याच्या शेवटच्या शेंगा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उतरतील. धने, मेथी, मुळा त्याच्या आधीच. एप्रिल संपता संपता मी स्वतः वेल काढीन, जागा सपाट करीन, सडा घालीन. हळदीला धूळ उडणार नाही ही जबाबदारी माझी. मांडवाचे चार खांब तेवढे राहतील. त्यांना आंब्याचे डहाळे बांधा, लग्नाचा मांडव वेगळा घालायला नको. पण ब्लॉक बसणार नाहीत. साफसफाई दोन महिन्यांनी केली तरी चालते. फरशीखालची माती मात्र परत मोकळी केल्याचं मी आजवर कुठल्याच घरी पाहिलेलं नाही.

आणि नुसता विरोध करून मी थांबणार नाही, कामही लावणार आहे. :-) आपल्या भाषेत वाण म्हणजे बियाण्याची जात, आणि वाण म्हणजे बायका एकमेकींना देतात ती भेट. हे दोन्ही एकच आहेत असं मी यंदापासून धरून चालणार आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओटीत भिजवलेले हरभरे असतीलच, सोबत प्रत्येकीला एक कोरडी पुडी मिळेल. एका घराला एकच वाण: जाऊबाईंना धने, वन्संना मुळा, पुतणीला सासरी न्यायला घेवडा. पुण्याच्या मंडळींनी फ्लॅटचं कारण सांगू नये. घेवड्याला एक मोठी कुंडी, एक गज आणि सहा तासांचं ऊन पुरतं. मिशिगनच्या भाच्याने यादीतून नाव काढून घ्यावं, विमानतळावर बी जप्त करतात.

पुडीवर नाव आणि साल लिहिलेलं असेल. हरभरे खा, पुडी ठेवा. मृगाचा पाऊस पडला की बोटाच्या एका पेराएवढं खोल लावा. दिवाळीनंतर शेंगा खा, पण वेलाच्या मधोमध लागलेल्या भरदार पंचवीस शेंगांना चिंधी बांधा आणि त्यांना हात लावू नका. मग पुढच्या फाल्गुनात तुमची सासू, शेजारीण किंवा सोसायटीचा सेक्रेटरी येऊन म्हणेल, अहो, हे वाळलेलं काढून टाका.

तेव्हा काय सांगायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.